नोकरी सांभाळून सहा आठवड्यांत जीआरई: चुकांच्या वहीवर बेतलेली तयारी

जीआरई म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्या पहिल्या सराव परीक्षेत मला गणितात १७० पैकी १५८ पडले, आणि इथे मोजणी १३० पासूनच सुरू होते. इंजिनिअरिंगला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पहिल्या फटक्यात काढलेली मी, आठवी-नववीच्या गणितात आपटले होते. इंग्रजीचे १४६ तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. परीक्षेला बरोबर सहा आठवडे उरले होते, नोकरी चालू होती आणि रोज जाऊन-येऊन अडीच तास कंपनीच्या बसमध्ये जात होते. शेवटी गणितात १६६ आणि इंग्रजीत १५६ मिळाले, म्हणजे ३४० पैकी ३२२. डोळे दिपावेत असे हे गुण नाहीत, पण मला जिथे अर्ज करायचा होता तिथे ते चालण्यासारखे होते.

वेळ कमी असताना अभ्यासक्रम ‘पुरा’ करण्याच्या नादाला लागू नये, हे मला फार उशिरा कळलं. आपले गुण कुठे गळताहेत ते शोधायचं आणि तेवढीच भोकं बुजवायची. पुढचं सगळं त्याच हिशोबाने मांडलं आहे.

आधी तारखा, मग पुस्तकं

परीक्षा द्यायचीच आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा काढूनच टाकली आहे. एकाच विद्यापीठात एका विभागाला ती लागते आणि शेजारच्या विभागाला लागत नाही, असंही असतं. म्हणून विद्यापीठाच्या मुख्य पानावर विसंबू नका, ज्या विभागात अर्ज करणार त्याच्या पानावर जाऊन वाचा. माझ्या यादीतल्या आठांपैकी तिघांना ती नकोच होती.

लागत असेल तर अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या. समजा शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. अधिकृत गुण यायला ८ ते १० दिवस लागतात आणि पुन्हा परीक्षा द्यायची झाली तर मध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं. म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाची सोय ठेवायची असेल तर पहिली परीक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी आणि तयारी सप्टेंबरच्या शेवटाला सुरू व्हायला हवी. हे दिवस नेमके नवरात्र ते दिवाळीचे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की या वर्षी फराळाला आणि पाहुण्यांना तुमचे हात मिळणार नाहीत. मी ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे एक पूर्ण रविवार चकलीच्या सोऱ्यापाशी गेला.

तारीख लगेच ठरवून पैसे भरून टाका. ‘तयारी झाली की तारीख घेऊ’ म्हणणारे माझे दोन मित्र अजून तयारीच करताहेत. अगदीच अडलं तर परीक्षेच्या ४ दिवस आधीपर्यंत जास्तीचे पैसे भरून तारीख बदलता येते.

नोंदणी करताना एका गोष्टीत आपल्याकडची माणसं हमखास अडकतात. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव दुसऱ्या. परीक्षेच्या खात्यावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर माहेरचंच नाव भरा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर अभ्यासाआधी त्याचं काम हाती घ्या.

परीक्षेची रचना

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई लहान झाली आहे. पूर्वी जवळपास पावणेचार तास चालायची, आता १ तास ५८ मिनिटांत संपते, पण मध्ये सुट्टी नाही. जुन्या पुस्तकांतले आणि व्हिडिओंमधले वेळेचे सल्ले त्यामुळे बाद झाले आहेत, वापरताना साल बघा.

सुरुवातीला निबंध, एकच, ३० मिनिटांचा. मग इंग्रजीचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. गणिताचेही दोन: १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि १५ प्रश्न २६ मिनिटांत. निबंधानंतरचा क्रम कसाही येऊ शकतो. इंग्रजीच्या प्रश्नाला साधारण दीड मिनिट मिळतं, गणिताला पावणेदोन.

पहिल्या भागात तुम्ही कसं सोडवता त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे ठरतं. वरच्या गुणांची वाट अवघड भागातूनच जाते, त्यामुळे पहिल्या १२ प्रश्नांत निष्काळजीपणा महागात पडतो. मात्र एका भागातल्या सगळ्या प्रश्नांचं वजन सारखंच असतं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एका प्रश्नावर हटून बसायचं नाही, आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन मिनिटं झाली की काहीतरी उत्तर टिपा, खूण करा, पुढे जा. त्या भागाचा वेळ संपेपर्यंत परत येता येतं.

पहिल्या रविवारी पूर्ण परीक्षा, अभ्यास न करता

ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था. तिच्या पॉवरप्रेप या सॉफ्टवेअरवर दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली एक पहिल्याच रविवारी देऊन टाका. ‘थोडं वाचून मग देते’ असं मन म्हणेल, पण त्याचं ऐकू नका. नेमकं काय येत नाही हेच तर पाहायचं आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, निबंधासकट सलग बसा. दुसरी फुकट परीक्षा शेवटून दुसऱ्या रविवारसाठी राखून ठेवा. मधल्या काळात ईटीएसच्याच विकतच्या सराव परीक्षांपैकी एक घ्या. इतर कंपन्यांच्या परीक्षा गणिताच्या सरावाला ठीक असतात, पण त्यांचं इंग्रजी खऱ्या परीक्षेसारखं वाटत नाही, असं माझं मत. त्यांचे गुण पाहून हरखू नका आणि खचूही नका.

चुकांची वही

दोनशे पानी एक वही आणा. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा, स्वतःच्या हाताने. प्रश्न, माझं उत्तर, खरं उत्तर आणि ‘का चुकलं’ याचं एक अक्षर. माझी पाच अक्षरं होती. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं. ‘वा’ म्हणजे येत होतं, वाचण्यात घोळ झाला. ‘वे’ म्हणजे वेळ संपला. ‘दो’ म्हणजे दोन पर्यायांत अडकून चुकीचा उचलला. आणि ‘तु’ म्हणजे तुक्का. तुक्का बरोबर लागला असला तरी तो प्रश्न वहीत जायलाच हवा, कारण परीक्षेच्या दिवशी तो लागेलच असं नाही.

आठवड्याच्या शेवटी अक्षरं मोजायची. ज्याचा ढीग मोठा, पुढचा आठवडा त्याचा. पहिल्या परीक्षेत माझी ९ गणितं चुकली होती, त्यातली ६ ‘वा’ची. म्हणजे मला गणित शिकायची गरज नव्हती, प्रश्न वाचायला शिकायचं होतं. वही नसती तर मी दोन आठवडे सूत्रं पाठ करत बसले असते आणि पुन्हा तिथेच चुकले असते.

चुकलेला प्रश्न चार दिवसांनी उत्तर झाकून पुन्हा सोडवा. परत चुकला तर समोर चांदणी काढा. शेवटच्या आठवड्यात फक्त चांदण्याच वाचायच्या असतात.

गणित: माहीत असलेल्या गोष्टींचा सापळा

अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारी, एवढंच असतं. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. दहावीपर्यंतच्या पुस्तकांत बहुतेक सगळं आहे. शाळा मराठी माध्यमात झाली असेल तर दोन तास काढून इंग्रजी नावांची उजळणी करा: लसावि-मसावि, मूळ संख्या, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, चतुर्थक. मला मध्यक काढता येत होता, पण ‘मीन’ आणि ‘मीडियन’ यांत घाईत गल्लत व्हायची.

खरा घात होतो तो तुलनेच्या प्रश्नांत. डावीकडे एक राशी, उजवीकडे दुसरी. उत्तरं चारच: डावी मोठी, उजवी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. उदाहरण घ्या. क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे, एवढीच माहिती दिली आहे. तुलना करायची क्ष आणि १ यांची. पहिला विचार येतो तो २ चा: वर्ग ४, २ पेक्षा मोठा, म्हणजे क्ष १ पेक्षा मोठा. बस्स, डावीकडे टिक. पण क्ष उणे ३ असेल तर? वर्ग ९, उणे ३ पेक्षा मोठाच, आणि उणे ३ तर १ पेक्षा लहान. उत्तर ‘सांगता येत नाही’. संख्या धन आहे, पूर्णांक आहे, असं कुणीही म्हटलेलं नसताना आपण मनातल्या मनात धरून चालतो.

यावर उपाय म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर पाच संख्या लिहून ठेवल्या: ०, १, एक मोठी धन संख्या, ० आणि १ च्या मधला अपूर्णांक, आणि एक ऋण संख्या. तुलनेच्या प्रत्येक प्रश्नात निदान दोन वेगळ्या जातीच्या संख्या घालून पाहायच्या. दोनदा वेगळी उत्तरं आली की विषय संपला. सोबत या बारीकसारीक गोष्टीही टिपून ठेवा: शून्य ही सम संख्या आहे, १ मूळ संख्या नाही, २ ही एकच सम मूळ संख्या. १७ ते ८४ मध्ये दोन्ही टोकं धरून ६८ पूर्णांक आहेत, ६७ नाहीत. किंमत २० टक्के वाढली आणि मग २० टक्के उतरली तर ती मूळ किमतीच्या ९६ टक्के होते.

भूमितीच्या आकृत्या मापात काढलेल्या असतीलच असं नाही. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो ९० अंशांचा धरू नका. आलेख आणि संख्यारेषा मात्र मापात असतात, तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर मिळतो. तो माऊसने चालवण्यात वेळ जातो, म्हणून २० पर्यंतचे वर्ग आणि अर्धा, पाव, एक अष्टमांश यांची टक्केवारी तोंडपाठ असू द्या.

शब्द: ३५०० नकोत, ७०० पुरे

एका क्लासमधून मैत्रिणीने ३५०० शब्दांची यादी आणून दिली होती. पाच दिवसांत ए संपवून मी बी वर आले आणि लक्षात आलं की या वेगाने झेडपर्यंत पोचायला पुढचं वर्ष उजाडेल. यादी बाजूला ठेवली. वारंवार येणारे सहा-सातशे शब्द घेतले आणि अर्थाच्या टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीला मराठी नाव दिलं. वाचाळ: गॅरुलस, लोक्वेशस, व्हॉल्युबल. घुमा: टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक. कवडीचुंबक: पार्सिमोनियस, मायझर्ली. उधळ्या: प्रॉडिगल, प्रॉफ्लिगेट. गुळमुळीत बोलणं: इक्विव्होकेट, प्रिव्हॅरिकेट. हेकट: रिकॅल्सिट्रंट, ऑब्स्टिनेट. हांजी हांजी करणारा: ऑब्सीक्वियस, सिकोफँटिक. इंग्रजी शब्दाला इंग्रजी अर्थ पाठ केला की तो दोन दिवसांत उडतो. ‘कवडीचुंबक’ म्हटलं की आपल्या ओळखीतला एखादा चेहराच समोर येतो, आणि मग शब्द जात नाही. एका वाक्यात दोन समानार्थी शब्द निवडायचे असतात त्या प्रश्नप्रकाराला या टोळ्या थेट उपयोगी पडतात.

अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, पण क्रियापद म्हणून ढेपाळणं. ‘टेम्पर’ म्हणजे राग नव्हे, तर धार कमी करणं. ‘क्वालिफाय’ म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि निर्बंधही. ‘एनर्व्हेट’ ऐकायला एनर्जीचा भाऊ वाटतो, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. यांच्यासाठी वहीत वेगळं पान करा.

रिकाम्या जागांच्या प्रश्नात पर्याय हाताने झाकून आधी वाक्य वाचा आणि जागेत आपला शब्द घाला. मराठी आला तरी चालेल. मग त्याच्या जवळचा पर्याय शोधा. ‘जरी’, ‘तरी’, ‘उलट’, ‘इतकंच नव्हे तर’ या अर्थाचे जोडशब्द दिसले की थांबा, वाक्य तिथेच वळतं. दोन किंवा तीन जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतात, अर्धे नाहीत.

उताऱ्यांसाठी रोज एक कंटाळवाणा इंग्रजी लेख वाचा: शैवालाच्या प्रजाती, मध्ययुगीन व्यापार, असलं काहीतरी. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘हा बाबा काय म्हणतोय?’ हे एका मराठी वाक्यात स्वतःला सांगा. माझा हा अभ्यास कंपनीच्या बसमध्ये व्हायचा. उत्तर निवडताना ‘खरं काय आहे’ याला महत्त्व नाही, उताऱ्यात काय म्हटलं आहे तेवढंच बघायचं. माझ्या वहीतले ‘दो’ बहुतेक इथलेच होते. दोन पर्यायांपैकी ज्यात ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’ असा टोकाचा शब्द असायचा, तोच मी मोहाने उचलत असे.

निबंध

विषयांची सगळी यादी ईटीएसच्या संकेतस्थळावर खुली आहे. सगळे लिहायचे नाहीत. दहा विषय घ्या, प्रत्येकाला पाच मिनिटांत बाजू, दोन कारणं आणि एक विरुद्ध मुद्दा एवढाच सांगाडा काढा. त्यातले तीनच पूर्ण लिहा, ३० मिनिटं लावून. तिथल्या संपादकात स्पेलिंग तपासलं जात नाही, म्हणून सरावही साध्या नोटपॅडवर करा.

उदाहरणं आपल्या मातीतली घेतली तर तपशील आपोआप येतात. सरकारने काय करावं या विषयांना महाराष्ट्राची रोजगार हमी योजना: सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशपातळीवर तसा कायदा आला. शिक्षण किंवा समाजविरोधाच्या विषयाला १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा. अशी चार-पाच उदाहरणं तयार असली की निम्म्या विषयांना पुरतात.

सहा आठवड्यांची मांडणी

कामाच्या दिवशी सकाळी साडेपाच ते साडेसात, शनिवार-रविवार पाच-पाच तास. आठवड्याला २० तास, एकूण १२०. रात्रीचा अभ्यास मी दोन दिवस करून पाहिला. ऑफिसमधून आल्यावर डोकं चालत नाही, नुसती पानं उलटली जातात. रात्री फक्त शब्द, तेही वीस मिनिटं.

पहिले दोन आठवडे गणिताच्या संकल्पना आणि तुलनेचे प्रश्न, रोज २५ नवे शब्द. तिसरा आणि चौथा आठवडा इंग्रजीचा, कारण तिथे गुण हळू वाढतात. गणित तेव्हा दिवसाआड अर्धा तास, नाहीतर हात गंजतो. नवे शब्द चौथ्या आठवड्याच्या शेवटी बंद. चौथ्या रविवारी विकतची सराव परीक्षा, पाचव्या रविवारी राखून ठेवलेली फुकटची. पाचव्या आठवड्यात प्रत्येक सराव घड्याळ लावूनच करायचा: १२ प्रश्न, १८ किंवा २१ मिनिटं. सहाव्यात चुकांची वही, टोळ्या आणि झोप. एखादा आठवडा ऑफिसच्या रिलीजमध्ये वाहून जाणारच. तेव्हा शब्द आणि वही चालू ठेवा, बाकीचं सोडून द्या. राहिलेलं भरून काढायला तीन रात्री जागू नका.

केंद्र की घर, आणि तो दिवस

घरून परीक्षा देता येते. त्यासाठी बंद दाराची खोली, खुर्ची-टेबल, आणि कागदाऐवजी पुसता येईल अशी पाटी व मार्कर लागतो. पलंगावर बसून चालत नाही, कॅमेऱ्यासमोर खोली दाखवावी लागते आणि मध्येच कुणी आत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. ज्या घरात कुरिअरवाला, मावशी आणि शेजारच्या काकू बेल न वाजवता येतात, त्यांनी केंद्रच निवडावं. मी केंद्रावर गेले. तिथे रफ कागद आणि पेन्सिल मिळते. आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून ठेवा.

निबंधाची वेळ सुरू झाली की कागदावर पाच संख्या लिहून टाका: ०, १, मोठी, अपूर्णांक, ऋण. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण तासाभराने डोकं शिणलेलं असताना त्या समोर असतात.

शेवटी पडदा विचारतो, गुण नोंदवायचे की रद्द करायचे. हे गुण दिसायच्या आधी ठरवावं लागतं. परीक्षा वाईट गेली असं वाटलं तरी नोंदवा. कुठल्या परीक्षेचे गुण कुणाला पाठवायचे हे नंतरही तुमच्याच हातात राहतं. लगेच गणित आणि इंग्रजीचे अनधिकृत गुण दिसतात आणि भरलेल्या शुल्कातच ४ विद्यापीठांना ते पाठवायची सोय मिळते. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे पैसे. आत कागदाचा चिटोराही नेता येत नाही, म्हणून ही चार नावं त्यांच्या गावांसकट पाठ करून जा. एका नावाची पाच-सहा कॅम्पस यादीत एकाखाली एक येतात. मी घाईत तिसऱ्याऐवजी चौथ्यावर क्लिक केलं आणि जिथे अर्जच करणार नव्हते तिथे गुण गेले.